होडीचा नांगर

शेतांतील नांगर व होडीचा नांगर यांस आपल्या भाषेंत एकच नांव आहे, आणि दोहोंचा नियमही एकच: ओढ आडवी लागली तर तो रुततो, वरून लागली तर उखडतो. खाडीकांठच्या ज्या शेतकरी बंधूंजवळ मासेमारीची लहान होडी आहे, त्यांनीं हें ध्यानांत धरावें.

कारकुनीच्या दिवसांत एका फुटलेल्या होडीचा पंचनामा आम्हीं लिहिला. नांगर शाबूत, दोर अतूट. परंतु पाणी ३ वाव, म्हणजे सुमारें १८ फूट, आणि दोर अवघा ५ वाव! भरती चढली, वारा वाढला, नांगर उपटला व होडी खडकावर गेली. आंत दोघे होते. एकच परत आला.

यास्तव रीत अशी. नाळ वाऱ्याकडे करावी. दोराचें टोंक आधीं नाळेस बांधावें, मग नांगर हळूहळू तळाशीं सोडावा. होडी मागें सरेल तसतसा दोर सोडीत जावें. भरतीचें पाणी व नाळेची उंची मिळून जें माप होईल, त्याच्या निदान ५ पट, जोराच्या वाऱ्यांत ७ पट दोर असावा. नांगरालगत जड साखळी असल्यास ओढ आडवी राहते. मागील बाजूस दोर कदापि बांधूं नये. लाट आंत शिरून होडी भरते.

नंतर बगलेच्या किनाऱ्यावरील एक माड व त्यामागील घर एका रेषेंत धरून पाहत राहावें. तीं एकसारखीं एकमेकांपासून दूर सरूं लागलीं, तर नांगर घसरत आहे असें समजून आणखी दोर सोडावा.

दोर आखूड घेण्यांत काटकसर नाहीं.