हूडाच्या प्लास्टिक काचेवरील चरे : बदलण्याआधी घासून पाहा

रिक्षाच्या किंवा जीपच्या हूडाला मागे जी पारदर्शक खिडकी असते तिला आपण काच म्हणतो. पण ती काच नसते. ती मऊ पीव्हीसीची शीट असते, रेक्झिनला किंवा कॅनव्हासला शिवलेली. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरात हे काम नवे नाही. १९८५ साली वाळूज येथे बजाजचा कारखाना सुरू झाला आणि तिथे तीनचाकी गाड्याही बनू लागल्या. रिक्षांबरोबर हूड, गाद्या आणि रेक्झिनची दुरुस्ती करणाऱ्या हातांनाही काम मिळत राहिले. २०२० पासून उघडमिटीच्या कापडी हूडाची थार रस्त्यावर आहे, आणि तिचा मालक रिक्षावाल्यापेक्षा जास्त चोखंदळ असतो.

गिऱ्हाईक येतो आणि म्हणतो, काच धुरकट झाली, बदलून द्या. बहुतेक कारागीर लगेच टाके उसवतात. माझे मत असे की दहापैकी काही काचा तरी न बदलता साफ होण्यासारख्या असतात, आणि त्या ओळखणे ही या धंद्यातली शिकण्यासारखी गोष्ट आहे. नवी शीट शिवताना जुन्या हूडाला नव्या सुईची भोके पडतात. उन्हाने कुजलेले रेक्झिन त्या भोकांवर फाटते, आणि मग काचेच्या कामातून हूडाचे भांडण उभे राहते.

ओळखण्याची रीत सोपी आहे. काच धुऊन कोरडी करा आणि धुरकट जागेवर ओले बोट फिरवा. ओल असेपर्यंत चरे दिसेनासे झाले तर ते वरच्यावर आहेत; पाण्याने चऱ्याची खाच भरली, म्हणून प्रकाश सरळ आरपार गेला. अशी काच घासून उजळते. ओले करूनही पिवळेपणा तसाच राहिला तर दोष शीटच्या अंगात आहे. पीव्हीसीला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य उन्हात वर्षानुवर्षे निघून जाते, शीट पिवळी आणि कडक होते. त्यावर कोणतेही पॉलिश चालत नाही. नख अडकेल इतका खोल चरा असेल तर तो पुसट होईल, जाणार नाही. घडीवर बारीक तडे गेले असतील तर काच बदलाच.

आता काम. आधी भरपूर पाणी ओता. कोरड्या फडक्याने धूळ पुसणे हेच चऱ्यांचे मूळ कारण आहे. आपल्याकडची मुरमाची धूळ काळ्या दगडाची असते, ती प्लास्टिकपेक्षा कितीतरी कठीण. रोज सकाळी रिक्षावाला गुडघ्यावरच्या फडक्याने काच पुसतो, तेव्हा तो बिचारा तिला वॉटर पेपरच लावत असतो. पाण्याने माती वाहून गेली की साध्या साबणाच्या पाण्याने हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. उन्हात तापलेली शीट मऊ पडते, तिच्यावर घासू नये.

काचेच्या आतल्या बाजूने आधार हवा. लाकडी फळीला टॉवेल गुंडाळून पोऱ्याला आतून धरायला सांगा. काच झिपची असेल तर ती सोडवून टेबलावर सपाट ठेवा. मग प्लास्टिकसाठी मिळणारे बारीक पॉलिश, जुन्या धुतलेल्या सुती बनियनचे कापड, आणि हलका हात. आधी उभे घासा, मग आडवे. गोल गोल घासल्यास उन्हात जाळीसारख्या रेघा दिसतात. थोडी जागा घ्या, ती पुरी करा, पुढे सरका. कापडाची बाजू वरचेवर बदला. पॉलिश मिळाले नाही तर पांढरी टूथपेस्ट हलक्या चऱ्यांवर काम देते, पण वेळ खाते.

चरे जास्त असतील तर २००० नंबरचा वॉटर पेपर भरपूर पाण्यात, दोनचार हातच फिरवावा आणि मग पॉलिश. शीट पातळ असते; एकाच ठिकाणी रेटून घासले तर तिथे खड्डा पडतो आणि त्यातून मागची गाडी वाकडी दिसते. पेंटरकडचे जाडे रबिंग कंपाऊंड वापरू नये. मशीनचा बफ तर नकोच. घर्षणाच्या उष्णतेने शीट क्षणात वितळून लाटा पडतात, त्याला पुढे इलाज नाही. थिनर, पेट्रोल, रॉकेल आणि अमोनिया असलेले काच साफ करायचे द्रव यांनी त्या दिवशी चकाकी येते, पण पीव्हीसी लवकर कडक होऊन तडकते. तेलाचा हात मारून चमक दाखवणारेही आहेत. ती चमक पहिल्या धुळीपर्यंत टिकते, आणि तो गिऱ्हाईक पुन्हा त्या दुकानी येत नाही.

व्यवहाराची एक गोष्ट. पूर्ण काचेचा भाव ठरवण्याआधी खालच्या कोपऱ्यात दोन बोटे जागा घासून गिऱ्हाइकाला दाखवावी. जितके उजळले तितकेच पुढे उजळेल, हे त्याला तेव्हाच सांगावे. मजुरी वेळेची घ्या, शीटच्या किमतीशी तिची तुलना करू नका. काच बदलायचीच असेल तर तसे स्पष्ट सांगा. रात्री जालना रोडला मागच्या गाडीचे दिवे चऱ्यांवर पडले की सगळी काच पांढरी होते आणि चालकाला मागचे काही दिसत नाही. पिवळ्या काचेवर दोन महिने ढकलणे हे त्याच्या जिवाशी खेळणे आहे.

हूड मिटवण्याची रीतही गाडी देताना सांगावी. माझदा कंपनीची एमएक्स-५ ही छोटी उघडी मोटार १९८९ साली आली तेव्हा तिलाही मागे प्लास्टिकचीच काच होती, आणि हूड खाली करण्याआधी झिप उघडून काच सपाट ठेवायची असे. १९९८ च्या दुसऱ्या मॉडेलपासून कंपनीने खरी काच बसवली. आपल्या जीपवाल्यांनी निदान इतके करावे : थंडीच्या सकाळी कडक झालेली काच मोडून मिटवू नये, आधी थोडे ऊन लागू द्यावे; ओला किंवा धुळीचा हूड मिटवू नये; आणि घडीत काचेवर काच येत असेल तर मध्ये मऊ स्वच्छ टॉवेल घालावा.