क्लोन चालेल, छापणं नाही!

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. 'सत्तावन्न' म्हटलं की अजूनही मनात फिफ्टी-सेव्हन की सिक्स्टी-सेव्हन असा गोंधळ होतो. तरी हा लेख मराठीत लिहितेय, कारण यातला प्रश्न आमच्या हॉस्टेलच्या खोलीत मराठीतच पडला आणि त्यावर आमच्या मिनी प्रोजेक्टची सही अडली.

झालं असं, की ज्या मेसेंजरवर आमचे ग्रुपचे मेसेज येतात तो रूममेटच्या जुन्या, लिनक्सवाल्या लॅपटॉपवर चालेना. "अगं, मग आपणच लिहू की तसाच एक!" ती म्हणाली. विषय ठरला: त्या मेसेंजरशी बोलू शकणारा आपला स्वतःचा क्लोन. फॉर्म घेऊन गेलो तर सरांनी पेन खाली ठेवलं. "हे कायदेशीर आहे का? अभ्यास करून या, मग सही."

आठवडाभर वाचल्यावर कळलं, की हा एक प्रश्न नाही, तीन आहेत.

पहिला प्रश्न: मालकी नेमकी कशावर?

कॉपीराइट कल्पनेवर नसतो, ती ज्या शब्दांत किंवा कोडमध्ये मांडली त्यावर असतो. आपल्या जर्नलचंच बघा ना. ओहमच्या नियमाचा प्रयोग सगळ्यांचा सारखा, ग्राफही सरळ रेषाच येणार. त्यात चोरी नाही. पण सिनिअरची जर्नल समोर ठेवून रीडिंगसकट छापली, तर ती चोरी. मेसेंजरचा प्रोटोकॉल म्हणजे कोणता निरोप कोणत्या क्रमाने पाठवायचा याचे नियम. ते नियम पाळणारा नवा प्रोग्रॅम लिहिणं वेगळं आणि कंपनीचा कोड उतरवणं वेगळं. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये एसएएस विरुद्ध वर्ल्ड प्रोग्रॅमिंग या खटल्यात सांगितलं, की प्रोग्रॅम काय काम करतो यावर कॉपीराइट नसतो.

यातून सुरक्षित कसं जायचं, हे कॉम्पॅकने फार पूर्वी दाखवलंय. १९८२ मध्ये त्यांनी आयबीएम पीसीशी जुळणारा संगणक जाहीर केला. त्यातला बायोस आयबीएमचा, तो उतरवला असता तर थेट कोर्ट! म्हणून एका गटाने बायोस काय काम करतो तेवढंच लिहून काढलं. मूळ कोड कधीच न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवा बायोस लिहिला. या पद्धतीला 'क्लीन रूम' म्हणतात.

नावाचं मात्र जपायला हवं. एओएलच्या 'एआयएम' मेसेंजरशी जुळणारा 'गेम' (स्पेलिंगमध्ये जी, मग एआयएम!) हा मुक्त प्रोग्रॅम १९९८ पासून होता. एओएलने ट्रेडमार्कवरून हरकत घेतली आणि २००७ मध्ये त्याचं नाव 'पिजिन' झालं. प्रोग्रॅम तोच राहिला, बदललं फक्त नाव.

दुसरा प्रश्न: आत डोकावायला परवानगी आहे का?

प्रोटोकॉलची माहिती कंपनी देत नसेल तर प्रोग्रॅम उघडून बघावा लागतो. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा (हो, फिफ्टी-सेव्हनच, खात्री करून घेतली!). त्याच्या कलम ५२ मध्ये १९९९ च्या दुरुस्तीने ही सूट आली. अटी तीन: मूळ प्रोग्रॅम तुमच्याकडे रीतसर आलेला हवा, तुमचा प्रोग्रॅम स्वतंत्रपणे बनवलेला हवा, आणि जोडणीसाठी लागणारी माहिती दुसरीकडे सहज मिळत नसावी. म्हणजे पायरेटेड कॉपी उघडून बसलात तर हे कलम तुमच्यासाठी नाही.

पण लायसन्सही वाचा, ज्यावर आपण डोळे मिटून 'आय ॲग्री' दाबतो. युरोपच्या नियमात लिहिलंय, की अशी सूट काढून घेणारी कराराची अट रद्द समजावी. आपल्या कलमात तसं वाक्य नाही. आणि अमेरिकेत २००५ मध्ये बीनेटडी या प्रोजेक्टचे लेखक हरले. त्यांनी ब्लिझार्ड कंपनीच्या बॅटल-नेट या खेळण्याच्या आणि चॅटच्या सेवेसारखा सर्व्हर लिहिला होता. पण लायसन्समध्ये रिव्हर्स इंजिनिअरिंगला मनाई होती, आणि त्यांच्या सर्व्हरवर खेळाची पायरेटेड कॉपीही चालत असे.

तिसरा प्रश्न: सर्व्हर कोणाचा?

खरी गोम इथे आहे. क्लोन तुमचा असला तरी तो जोडणार कोणाच्या सर्व्हरला? जुलै १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एमएसएन मेसेंजर आला तो थेट एओएलच्या ग्राहकांशी बोलत. एओएलने वाट अडवली, मायक्रोसॉफ्टने नवी काढली, पुन्हा अडवली, पुन्हा काढली. नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने नाद सोडला. डिसेंबर २०२३ मध्ये 'बीपर मिनी'ने अँड्रॉइड फोन ॲपलच्या आयमेसेजला जोडला, तर ॲपलने काही दिवसांतच दार लावलं. आपल्याकडे आयटी कायदा २००० चं कलम ४३ आहे: मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या संगणकात शिरलात तर भरपाईची पाळी येऊ शकते. दुसऱ्याच्या मेससारखी रेसिपी घरी करायला कोणी अडवत नाही. पण पास नसताना त्याच मेसच्या पंगतीत जाऊन बसणं, हे वेगळं प्रकरण.

हे सगळं मी रूममेटला वाचून दाखवलं, तशी ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "लॉगिनचा भाग मी त्यांचाच डिकंपाइल करून टाकलाय. आयकॉनपण त्यांचाच आहे." तीन आठवड्यांचं काम होतं. मलाही क्षणभर वाटलं, कोण बघतंय? पण फॉर्मवर 'हे काम आमचं स्वतःचं आहे' असं लिहून खाली दोघींनी सही करायची होती. त्या रात्री आम्ही तो सगळा फोल्डर डिलीट केला.

आता तिने मूळ कोड पाहिलाय, म्हणून ती फक्त वर्णन लिहिते. मी तो पाहिलेला नाही, म्हणून कोड मी लिहिते. आयकॉन आणि नाव आमचं, आणि सर्व्हर लॅबमधला, सरांच्या लेखी परवानगीने. कंपनीच्या सर्व्हरला जोडायचा बेत सोडून दिला. ग्रुपचे मेसेज रूममेट अजून माझ्याच फोनवर बघते, तेवढा तोटा झाला खरा.

सरांनी सही केली. वर विचारलं, "आणि जर्नल? तीपण क्लीन रूममध्येच लिहिता ना?"

त्यावर आम्ही दोघी काही बोललो नाही!