वाळल्या मातीतील ठेव

पहिल्या पावसाच्या दोन-चार सरी पडून गेल्या की माळावरील खळग्यांत पाणी साचते. आदल्या आठवड्यापर्यंत जेथे भेगाळलेली माती होती, तेथे तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे बारीक करून पाहिले असता दोऱ्याच्या तुकड्यांसारखे काही जीव वळवळताना दिसतात. पंधरवड्यात ते बोटाच्या पेराएवढे होतात आणि पाणी आटले की नाहीसे होतात. हे जीव आले कोठून, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनाही पडला असणार. ‘चिखलातून जीव उपजतात’ हे त्यावरचे जुने उत्तर. ते शास्त्राच्या कसोटीवर उतरत नाही. तथापि सत्यापासून ते फार दूरही नाही.

हे प्राणी कोळंबी व खेकडा यांचे दूरचे भाऊबंद, म्हणजे कवचधारी गटातील होत. त्यांतील दोन-तीन प्रकार घरच्या काचपात्रात अंड्यांपासून वाढविता येतात आणि जगात अनेक देशांत मुले व प्रौढ हा छंद आवडीने जोपासतात. उताणे पोहणारे फेअरी श्रिंप, ढालीसारखी पाठ असलेले ट्रायॉप्स आणि दोन शिंपल्यांत अंग मिटून घेणारे क्लॅम श्रिंप ही त्यांची रूढ नावे. मराठीत यांना सर्वमान्य नावे नाहीत, ही थोडी खेदाची गोष्ट आहे. कारण शास्त्राच्या इतिहासात यांपैकी एकाचा जन्मदाखला नागपूरचा आहे.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश धर्मोपदेशक १८४५ मध्ये नागपुरास आले. त्यांच्याच नावाने पुढे १८८३ मध्ये हिस्लॉप महाविद्यालय सुरू झाले. दगड, जीवाश्म, वनस्पती, शिळावर्तुळे, जे दिसेल ते टिपून घेण्याचा या गृहस्थांना नाद होता. त्यांनी नागपूर परिसरातील पाण्यातून गोळा केलेले सूक्ष्म कवचधारी जीव लंडनला पोहोचले आणि ब्रिटिश म्युझियममधील विल्यम बेअर्ड यांनी १८५९ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील एका इवल्या, गोलसर शिंपल्यांच्या जीवाला त्यांनी हिस्लॉप यांचे नाव दिले. आज तो ‘सायक्लेस्थेरिया हिस्लोपी’ या नावाने ओळखला जातो. हिस्लॉप यांचा अंत मात्र करुण झाला. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटच्या बाजूची शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला.

या कथेचा पुढचा भाग आपल्या विषयाशी अधिक निगडित आहे. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ गेऑर्ग ओसियान सार्स यांच्याकडे ऑस्ट्रेलियातून वाळलेला चिखल आला. त्यांनी तो पाण्यात भिजवून काचपात्रांत ठेवला आणि त्यातून जे जीव उपजले त्यांत नागपूरचा हाच प्राणी निघाला. १८८७ मध्ये सार्स यांनी त्यावर सचित्र प्रबंध लिहिला व सायक्लेस्थेरिया ही नवी प्रजाती सिद्ध केली. उष्ण कटिबंधातला जीव, कोरड्या मातीच्या पुडीतून, नॉर्वेच्या थंडीत जिवंत झाला! घरी अंड्यांपासून हे प्राणी वाढविणारा प्रत्येक जण सार्स यांच्याच पद्धतीने काम करीत असतो.

मातीतून जीव उपजतो तो कसा? मादी जी अंडी टाकते त्यांतील गर्भाची वाढ काही अवस्थांपर्यंत होऊन थांबते. भोवती जाड, चिवट कवच तयार होते. पाणी आटले तरी ट्रेहॅलोज नावाची एक शर्करा गर्भाच्या पेशींतील नाजूक रचना सावरून धरते. श्वसन जवळजवळ बंद, अन्नाची गरज नाही, अशा स्थितीत ही अंडी अनेक वर्षे राहतात. काही दशकांनंतरही ती उबल्याच्या नोंदी आहेत. याच मोठ्या कुळातील कोपेपॉड नावाच्या जीवांची अंडी अमेरिकेतील ऱ्होड आयलंडच्या तळ्यांच्या गाळात तीनशेहून अधिक वर्षांनंतरही सजीव आढळली, असे १८९५ नव्हे तर अगदी अलीकडच्या, १९९५ च्या संशोधनाने दाखविले. वारा, पाखरांचे पाय, गुरांचे खूर ही या अंड्यांची वाहने होत.

याहूनही विलक्षण गोष्ट अशी की, पाणी मिळाले म्हणून सर्व अंडी एकदम उबत नाहीत. काही उबतात, बाकीची तशीच पडून राहतात. पुढच्या पावसात त्यांतील आणखी काही. चिखलातील या साठ्याला शास्त्रज्ञ ‘अंड्यांची पेढी’ असेच म्हणतात. बँकेच्या वाचकांना या पेढीचा हिशेब समजावून सांगण्याची फारशी गरज नाही, तरी एक उदाहरण घेऊ. समजा, खळग्यात १०० अंडी आहेत आणि चांगल्या वर्षी प्रत्येक उबलेल्या अंड्यामागे १० नवी अंडी मिळतात. सगळीच उबली तर एका वर्षात १,००० होतील. पुढच्या वर्षी पाऊस आठ दिवसांत ओढ देऊन गेला, पिल्ले प्रौढ होण्यापूर्वी पाणी आटले, की शिल्लक शून्य. याउलट दर वर्षी निम्मीच उबली तर पहिल्या वर्षी ५०० नवी आणि ५० जुनी मिळून ५५० होतील. दुसऱ्या, वाईट वर्षी त्यांतील २७५ उबून मरतील, पण २७५ मातीत सुरक्षित राहतील. वाळवंटी वनस्पतींच्या बियांसंबंधी हेच गणित डॅन कोहेन यांनी १९६६ मध्ये मांडले होते. बेभरवशाच्या पावसात सर्व भांडवल एकाच हंगामात न गुंतविणारा वंश टिकतो. अंडी भिजवूनही थोडीच उबली म्हणून नवखे छांदिष्ट निराश होतात, त्यांनी हे गणित ध्यानात ठेवावे. उरलेली वाळू फेकून देण्यासारखी नसते.

आता प्रत्यक्ष संगोपनाकडे वळू. म्हैसूर शहरातील जयलक्ष्मीपुरम ही वस्ती या छंदासाठी जणू योजून ठेवल्यासारखी आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंची, उन्हाळाही बेताचा, आणि एप्रिल-मेच्या वळवापासून ऑक्टोबरपर्यंत अधूनमधून येणारा पाऊस. या प्राण्यांना २२ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते आणि तेथील घरांत ते वर्षाचा बराच काळ आपोआप मिळते. जवळच कुक्करहळ्ळी तलाव आहे, १८६४ मध्ये बांधलेला. परंतु आपले पाहुणे तेथे शोधू नयेत. मासे असलेल्या कायमच्या पाण्यात हे संथ, मऊ जीव तग धरू शकत नाहीत. चार महिने भरणारा आणि आठ महिने वाळणारा, कोणी ढुंकून पाहत नाही असा खळगा हेच त्यांचे खरे घर. अशा खळग्याच्या तळाची वाळलेली माती, मालकाच्या संमतीने, मूठभर आणली तरी पुरते. अधिक आणू नये. तसेच साताऱ्याच्या कास पठारासारख्या संरक्षित ठिकाणांहून, ज्याचा समावेश २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात झाला, चिमूटभरही माती उचलू नये.

पात्र काचेचे किंवा साध्या प्लॅस्टिकचे, पसरट, तीन ते पाच लिटरचे असावे. आपल्याकडे पाणी तांब्याच्या भांड्यात भरून ठेवण्याची चाल आहे आणि माणसांना ती भले हितकर वाटो; या प्राण्यांना तांबे हे विष आहे. पाण्यात उतरलेला तांब्याचा अल्पसा अंशही त्यांना मारक ठरतो. माशांच्या रोगांवरील काही औषधांतही तांबे असते, म्हणून मत्स्यपात्रातील पाणी वापरताना चौकशी करावी. सर्वांत उत्तम पाणी पावसाचे. पहिल्या दोन-तीन सरींनी गच्ची धुऊन निघाल्यावर ते स्वच्छ बादलीत धरावे. कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी टाळावे. नळाचे पाणी दोन दिवस उघडे ठेवले तर त्यातील क्लोरीन बव्हंशी निघून जाते. क्षार मात्र तसेच राहतात. अंडी उबण्यास पाणी ‘नवे पडलेल्या पावसासारखे’ म्हणजे क्षार अगदी कमी असलेले लागते. ते पाणी आणि प्रकाश या दोन खुणांवरूनच गर्भाला बाहेर सुकाळ आहे हे कळते. म्हणून पात्र खिडकीपाशी, पण थेट उन्हापासून दूर ठेवावे.

तळाशी मातीचा पातळ थर पसरून त्यावर चार बोटे पाणी हळूच ओतावे आणि मग काहीही करू नये. हे शेवटचे काम सर्वांत अवघड. साधारणतः २४ ते ४८ तासांत पांढरट ठिपके झटके देत पोहताना दिसू लागतात. हे डिंभ होत. भिंगातून पाहिल्यास त्यांचा कपाळावरचा एकच डोळा दिसतो. पहिला दिवस ते स्वतःजवळच्या बलकावर काढतात. पुढे स्पिरुलिनाची पूड किंवा यीस्ट, सुईच्या टोकावर राहील एवढेच, द्यावे. अन्न जास्त झाले की पाणी दुधाळ होते आणि एका रात्रीत सर्व संपते. उपासमारीपेक्षा अतिप्रेमाने मरणाऱ्या पिल्लांची संख्या मोठी असते. आठवड्याने ट्रायॉप्सला माशांच्या खाद्याचा चुरा व किसलेले गाजर चालते. फेअरी श्रिंपना मात्र हिरवट शेवाळी पाणीच प्रिय, कारण ते पायांनी पाणी गाळून खातात. दोन-तीन दिवसांनी एक चतुर्थांश पाणी बदलावे. पात्रावर मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधावा. ट्रायॉप्स डासांच्या अळ्या खातात हे खरे, फेअरी श्रिंप खात नाहीत. आणि डेंग्यूच्या दिवसांत घरात उघडे पाणी ठेवण्याचे समर्थन कोणत्याही छंदाने होत नाही.

मग पाहण्याचा काळ सुरू होतो. फेअरी श्रिंप पाठ खाली, पोट वर करून पोहतो. पोट नेहमी प्रकाशाकडे वळलेले असते. पात्राखाली दिवा लावला तर तो पालथा होतो. मुलांना हा प्रयोग फार आवडतो. अकरा जोड पायांची लाट अखंड वाहत राहते, त्याच हालचालीने प्राणी पोहतो, खातो आणि श्वासही घेतो. ट्रायॉप्स हा नावाप्रमाणे तीन डोळ्यांचा: दोन संयुक्त नेत्र आणि त्यांच्यामध्ये डिंभावस्थेपासूनचा तो तिसरा. पाण्यात प्राणवायू कमी पडला की त्याच्या रक्तात हिमोग्लोबिन वाढते व अंग तांबूस दिसू लागते. पालकाने ही सूचना समजून पाणी बदलावे. अंगावरची कात तो वारंवार टाकतो. कातीचा पारदर्शक सांगाडा पाहून ‘मेला’ अशी हाकाटी घरात एकदा तरी होतेच. भुकेला ट्रायॉप्स आपल्याच भावंडांना खातो. त्यामुळे एकामागे दोन लिटर पाणी हा हिशेब ठेवावा. ट्रायॉप्सला ‘जिवंत जीवाश्म’ म्हणण्याची प्रथा आहे. त्याचा बाह्य घाट कोट्यवधी वर्षांचा हे खरे असले, तरी आजच्या जाती त्या मानाने अलीकडच्या आहेत, असे २०१३ मधील जनुकीय अभ्यासाने दाखविले आहे.

या प्राण्यांचे आयुष्य दीड-दोन महिन्यांचे, क्वचित तीन महिन्यांचे. मुलांना हे आधीच सांगून ठेवावे. कुत्र्या-मांजरासारखा लळा येथे नाही, ते अंगाखांद्यावर खेळत नाहीत. पण जन्म, वाढ, कात, प्रजनन आणि मृत्यू हे सारे एका शालेय सत्रात डोळ्यांपुढे घडते.

हा केवळ करमणुकीचा विषय नाही. भारतीय फेअरी श्रिंप ‘स्ट्रेप्टोसेफॅलस डायकोटोमस’ हा माशांसाठी उत्तम जिवंत खाद्य ठरतो, हे मद्रास विद्यापीठातील अभ्यासकांनी दाखविले आहे. जपानमध्ये भातखाचरांतील ट्रायॉप्स तळाचा चिखल ढवळून कोवळे तण उपटतात, म्हणून शेतकरी त्यांचे स्वागत करतात. अन्यत्र, जेथे भाताचे बी थेट पाण्यात पेरतात, तेथे तोच प्राणी कोवळी रोपे उपटणारा उपद्रवी ठरतो. भारतीय उपखंडातील या गटाचा विस्तृत आढावा क्रिस्टोफर रॉजर्स व समीर पाध्ये यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. पुण्यातील मिहिर कुलकर्णी आदी अभ्यासकांनी सह्याद्रीच्या खडकांवरील डबकी आणि शहराजवळचे खळगे वर्षानुवर्षे धुंडाळले आहेत.

त्या खळग्यांची स्थिती काळजी वाटावी अशी आहे. कोकणातील जांभ्या दगडाचे सडे महसुली भाषेत बहुधा ‘पडीक’. कोठे चिरेखाण होते, कोठे कातळ फोडून वर माती टाकून बाग उभी राहते, कोठे भूखंड पडतात. तलाव बुजविला तर निदान ओरड होते. वर्षातील आठ महिने जे पाणी दिसतच नाही, ते बुजले तर कोणाच्याच लक्षात येत नाही. त्या थरात साठलेली अनेक पावसाळ्यांची अंडी मात्र एका दिवसात भरावाखाली जातात.

दुसरा धोका छंदाच्याच वाटेने येतो. बाजारात मिळणाऱ्या पुड्यांत बहुधा अमेरिकी जातीच्या ट्रायॉप्सची अंडी असतात. तीच जात अमेरिकेतून जाऊन जपानच्या भातखाचरांत पसरली आहे. अशा पात्रातील पाणी किंवा वाळू बागेत, गटारात, तळ्यात कधीही टाकू नये. ट्रायॉप्सची कोरडी अंडी प्रखर उष्णतेतही तगतात, केवळ उकळण्यानेच मरतात, असे १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात म्हटले आहे. तेव्हा टाकाऊ वाळू जुन्या भांड्यात पाणी घालून चांगली खळखळ उकळावी आणि मगच टाकावी.

स्थानिक जातीची वाळू असेल तर ती राखून ठेवावी. शेवटचा प्राणी गेल्यावर पाणी आपोआप आटू द्यावे. वाळू सावलीत पूर्ण सुकवून कागदी पाकिटात भरावी. ओल राहिली तर बुरशी येते. पाकिटावर खळग्याचे ठिकाण व तारीख लिहावी, निदान तीन-चार आठवडे ते कोरड्या जागी असू द्यावे, आणि पुढच्या खेपेस त्यातील निम्मीच वाळू भिजवावी.