सुगम्य वेबसाइटचा धंदा पोंभुर्ण्यात: भांडवल किती आणि आणायचे कुठून?

कर्जासाठी बँकेत जाण्याआधी एक प्रयोग करून पाहा. संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे ‘एनव्हीडीए’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली ते लिहायला घेतले. ते सुरू करा आणि स्कॅन केलेली एखादी निविदा उघडा. बहुधा आवाज येईल, ‘एम्प्टी डॉक्युमेंट’. सही-शिक्क्यासकट भरलेला कागद, पण ज्याला दिसत नाही त्याच्या लेखी कोरा. मग युनिकोडमध्ये नसलेल्या, जुन्या फॉन्टातल्या मराठीचे पान उघडा. ‘अर्ज’ शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा कानावर पडेल. ऑनलाइन फॉर्मच्या रकान्यांना नावे जोडलेली नसतील, तर प्रत्येक रकान्यावर ‘एडिट, ब्लँक’ एवढेच. नाव कुठे लिहायचे, मोबाइल नंबर कुठे, काही पत्ता नाही.

हे दोष काढणारी, किंवा मुळात येऊच न देणारी वेबसाइट म्हणजे सुगम्य वेबसाइट. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्यासारख्या तालुक्याच्या गावी बसून हा धंदा करता येतो. अडचण कौशल्याची कमी आणि पैशाची जास्त, कारण बँकेच्या टेबलावर ‘सुगम्य’ शब्द कुणाला कळत नाही आणि ‘स्टार्टअप’ शब्दाने भुवया उंचावतात. म्हणून आधी हिशेब.

एकदाच होणारा खर्च

आकडे अंदाजी आहेत. चंद्रपूरच्या दुकानांत चौकशी करून स्वतःचे भरा.

- लॅपटॉप: ५५,००० रुपये
- तपासणीसाठी साधा अँड्रॉइड फोन: ९,०००
- इन्व्हर्टर आणि बॅटरी: २५,०००
- टेबल-खुर्च्या: १०,०००
- स्वतःच्या साइटचे पहिल्या वर्षाचे डोमेन आणि होस्टिंग: ५,०००

एकूण १,०४,००० रुपये. इन्व्हर्टरला कात्री लावू नका. चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचे असले, तरी पावसाळ्यात तुमच्या घरातले दिवे जायचे ते जातातच. फोन महागडा नको. ग्राहकाचे ग्राहक साध्याच फोनवर असतात आणि ‘टॉकबॅक’ हे वाचक सॉफ्टवेअर बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आधीच असते.

दरमहाचा खर्च

- इंटरनेट आणि जोडीला मोबाइल डेटा: १,२०० रुपये
- छोटा गाळा आणि वीजबिल: ३,०००
- दोन दिव्यांग तपासनीस, प्रत्येकी ४ दिवस, रोज ५०० रुपये मानधन: ४,०००
- प्रवास आणि फोन: २,०००
- हिशेबनीस आणि किरकोळ: १,५००
- तुमचा स्वतःचा घरखर्च: १२,०००

बेरीज २३,७००. सहा महिन्यांचे १,४२,२००. म्हणजे यंत्रसामग्रीपेक्षा सहा महिने तग धरणे महाग पडते. नवी मंडळी इथेच चुकतात. अर्जात लॅपटॉप दोन लिहितात आणि स्वतःचे जेवण लिहायला विसरतात.

तपासनिसांचे मानधन हा चैनीचा खर्च नाही, तोच तुमचा माल आहे. स्वयंचलित तपासणी काही दोष पकडते, पण फॉर्म खरोखर भरता येतो का ते भरणाराच सांगू शकतो. मुंबईत शिल्पी कपूर यांची ‘बॅरिअरब्रेक’ कंपनी याच कामावर उभी आहे आणि तिथे दिव्यांग कर्मचारी तपासणी करतात. आपल्या जिल्ह्यात वरोऱ्याजवळ आनंदवनात अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा आहेत. शिकून बाहेर पडलेल्या तरुणांना असे काम हवे असते का, ते जाऊन विचारा. मात्र ‘अनुभव मिळेल’ म्हणून फुकट राबवू नका.

पैसा कुठून?

*मुद्रा कर्ज.* शिशु गटात ५०,००० पर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत, तरुण गटात १० लाखांपर्यंत. तारण लागत नाही. वरच्या यंत्रसामग्रीसाठी १ लाखाचे कर्ज, १२ टक्के व्याज आणि ३ वर्षे मुदत धरली, तर हप्ता सुमारे ३,३२० रुपये बसतो. मग महिन्याचा खर्च २७,०२० झाला, हे विसरू नका.

*पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम.* सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. अनुदान सर्वसाधारण गटाला शहरी भागात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक आणि दिव्यांग यांना अनुक्रमे २५ आणि ३५ टक्के. स्वतःचा वाटा सर्वसाधारण गटाला १०, विशेष गटाला ५ टक्के.

पोंभुर्णेकरांसाठी खोच पत्त्यात आहे. २०२२च्या बदलानंतर पंचायत राज संस्थेखालचा भाग ग्रामीण आणि नगरपालिका क्षेत्र शहरी धरले जाते. पोंभुर्ण्याला नगरपंचायत आहे, म्हणजे गावठाण कितीही लहान वाटले तरी कागदावर ते शहर. ५ लाखांच्या प्रकल्पाला महिला उद्योजकाला पोंभुर्ण्यात १,२५,००० अनुदान, तर तालुक्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत १,७५,०००. फरक ५०,००० रुपयांचा. पण खोटा पत्ता देऊ नका. युनिट जागेवर जाऊन तपासतात, आणि अनुदानही ३ वर्षे बँकेत अडकवून ठेवतात, हातात मिळत नाही. यंत्रसामग्रीचा खर्चच नसलेला प्रकल्प यात बसत नाही, तेव्हा फक्त पगारासाठी अर्ज करू नका. योजनेला मंजुरी २०२५-२६ पर्यंतची दिलेली होती. पुढचे काय ते चंद्रपूरच्या जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही तिथूनच चालतो. एकाच फेरीत दोन्ही विचारून घ्या, नाहीतर एसटीचा आणखी एक दिवस जातो.

*दिव्यांग उद्योजक.* ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल, तर राष्ट्रीय दिव्यांगजन वित्त व विकास महामंडळाच्या कर्ज योजना आहेत. राज्याच्या दिव्यांग महामंडळाकडे चौकशी करा. भागीदारांपैकी एक जण दिव्यांग असेल, तर अर्ज कोणाच्या नावे करायचा हे आधी ठरवा.

*स्टार्टअप इंडिया.* मान्यतेला शुल्क नाही, पण एकट्याच्या मालकीच्या धंद्याला ती मिळत नाही. खासगी कंपनी, मर्यादित दायित्वाची भागीदारी (एलएलपी) किंवा नोंदणीकृत भागीदारी लागते, म्हणजे नोंदणीचा आणि दरवर्षीच्या हिशेबाचा खर्च वाढतो. बीज निधी नव्या उद्योगांना आधार देणाऱ्या इन्क्युबेटर संस्थांमार्फत मिळतो आणि त्यांना वाढणारे उत्पादन हवे असते. ग्राहकागणिक साइट करून देणारी सेवा त्यात सहसा बसत नाही. मराठी पीडीएफ दुरुस्त करणारे साधन बनवणार असाल, तर तो रस्ता धरा.

जिथे पैसे द्यायचे नाहीत

उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर, पूर्ण फुकट होते. ‘उद्यम’ नावाने शुल्क मागणाऱ्या साइटवर पैसे भरू नका. सेवांसाठी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. कामगार मोजकेच असतील, तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीऐवजी सूचना पुरते. एनव्हीडीए फुकट आणि वेबसाइट सुगम्य करण्याचे ‘डब्ल्यूसीएजी’ नियमही फुकट. त्यातल्या दोन गोष्टी तोंडपाठ ठेवा: साध्या मजकुराचा रंग आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ फरक, आणि मराठी पानावर भाषेची खूण. खूण नसेल, तर वाचक सॉफ्टवेअर इंग्रजी आवाजात देवनागरी वाचू पाहते आणि सगळे बिघडते.

दर आणि गिऱ्हाईक

पाच पानांची मराठी-इंग्रजी साइट २५,०००, जुन्या साइटची तपासणी ५,००० असे दर धरले, तर महिन्याला एक साइट आणि एक तपासणी मिळाली की ३०,००० येतात आणि हप्त्यासकट खर्च निघतो. सुगम्यतेचे पैसे वेगळे लावू नका. सुरुवातीपासून केली तर ती फार महाग नसते. बांधून झालेली साइट उकलून करावी लागली की खरा खर्च येतो.

जिल्ह्याच्या संकेतस्थळासारख्या सरकारी साइटवर डोळा ठेवू नका. त्या केंद्र सरकारच्या एनआयसी या माहिती-तंत्रज्ञान संस्थेच्या तयार व्यवस्थेवर चालतात. गिऱ्हाईक इतरत्र आहे: ताडोब्याभोवतालचे रिसॉर्ट आणि होमस्टे, बांबूच्या वस्तू विकणारे गट, शाळा, पतसंस्था. मोठ्या शहरांतल्या एजन्सींचे तपासणीचे कामही घरबसल्या मिळू शकते. त्याची गरज वाढते आहे. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा होताच. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. त्यानंतर जुलैमध्ये शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने आपल्या नियंत्रणाखालच्या संस्थांना सुगम्यतेचे आदेश दिले, आणि २८ जून २०२५पासून युरोपात तसा कायदा लागू झाला.

गिऱ्हाईक म्हणेल, ‘साइटवर एक बटण लावले की सुगम्य होते म्हणे.’ तेव्हा सांगा, असे बटण विकणाऱ्या ‘अ‍ॅक्सेसीबी’ कंपनीला फसव्या दाव्यांसाठी अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२५मध्ये १० लाख डॉलर भरायला लावले.

उधारी

काम घेताना ४० टक्के आगाऊ, मसुदा मंजूर झाल्यावर ४०, चालू करताना २०. सहा महिन्यांचे ओझे कर्जावर नको, याच आगाऊ रकमेवर आणि थोड्या बचतीवर पेलायचे. उद्यम नोंदणी कामाआधी केलेली असेल, तर बिल ४५ दिवसांत मिळण्याचा कायद्याने हक्क आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज मागता येते आणि ऑनलाइन तक्रार करता येते. हे कलम बिलाच्या तळाशी छापा. बहुतेकदा तेवढेच पुरते.

अर्ज देण्यापूर्वी

प्रकल्प अहवाल युनिकोड मराठीत टाइप करा, स्कॅन करू नका. तक्त्यांना मथळे द्या. मग तपासनिसांपैकी एकाला तो एनव्हीडीएवर ऐकायला सांगा. कुठे अडखळला ते लिहून घ्या, बेरजा त्याच्याकडून तोंडी तपासून घ्या आणि दुरुस्त्या करा. त्या दिवसाचे ५०० रुपयेही द्या आणि खर्चात मांडा. धंद्याचे पहिले काम तेच.