स्पेक्ट्रम विकायला काढण्याआधी

पोरी, बाबांचा झेडएक्स स्पेक्ट्रम संगणक विकायचं ठरवलंस ते योग्यच केलंस. कपाटात धूळ खाण्यापेक्षा तो वापरणाऱ्याच्या हाती गेलेला बरा. पण जाहिरात लिहायच्या आधी मामाचं ऐकून घे. इंग्लंडात इतकी वर्षं ही यंत्रं उघडली आणि मिटली, त्यातून जे कळलं ते सांगतो.

लपवायचं काहीही नाही. तुझ्या बाबांनी टीव्हीच्या अँटेनाची वाट बंद करून त्याच सॉकेटातून कंपोझिट व्हिडिओ काढला, जुने कपॅसिटर बदलले आणि तापणारा ७८०५ रेग्युलेटर काढून स्विचिंग रेग्युलेटर बसवला. हे तिन्ही बदल जाहिरातीच्या पहिल्या चार ओळींत आले पाहिजेत. ओल रंगाखाली झाकून घर विकणाऱ्याचं जे होतं तेच इथंही होतं. घेणारा पहिल्याच दिवशी झाकण उघडतो, कारण या छंदातली माणसं उघडून बघितल्याशिवाय राहत नाहीत. शिवाय ब्रिटनमध्ये खाजगी विक्रीतसुद्धा वस्तू सांगितल्याप्रमाणेच असावी लागते, कायदाच आहे तसा.

आता गिऱ्हाईक ओळख. एक जण १९८२ मध्ये डंडीच्या टायमेक्स कारखान्यातून जसा बाहेर पडला तसाच, हात न लावलेला स्पेक्ट्रम शोधत असतो. त्याला तुझं यंत्र नको, त्याच्या मागे लागू नकोस. दुसऱ्याला आज संध्याकाळी टीव्हीला जोडून खेळायचं असतं, त्याच्यासाठी बाबांचं काम सोन्यासारखं आहे. मात्र बदलांवर झालेला खर्च किमतीत जसाच्या तसा वसूल होत नाही. लोक काय मागतात ते बघू नकोस, प्रत्यक्षात किती पौंडांना विकले गेले ते बघ आणि त्यावर भाव ठरव. आणि बाबांनी काढलेला जुना रेग्युलेटर, कपॅसिटर, जे काही डब्यात ठेवलं असेल ते सगळं पिशवीत घालून सोबत दे. केसला भोक पाडलेलं नाही, म्हणजे यंत्र पुन्हा मूळ रूपात नेता येतं, हे आवर्जून लिही. माझ्या मते भोक पाडलेल्या यंत्रात आणि न पाडलेल्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बोर्डावर ‘इश्यू’ म्हणजे आवृत्तीचा आकडा छापलेला असतो. तो वाच आणि त्याचा स्वच्छ फोटो काढ. इश्यू १ निघाला तर विकायची घाई करू नकोस, आधी मला फोन कर. तसला बोर्ड मूळ रूपात आणूनच विकावा. फोटोत बाबांनी लावलेले सोल्डरचे डागही नीट दिसू देत. त्यांचा हात चांगला होता, दाखवायला लाजायचं कारण नाही.

अडॅप्टरचं मात्र कान देऊन ऐक. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात आणि त्याच्या पिनेत मधलं टोक ऋण असतं. आजकाल बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरांत मधलं टोक धन असतं. उलटा जोडला की यंत्र जायबंदी होऊ शकतं. आतल्या टीआर४ नावाच्या ट्रान्झिस्टरवर चालणारं सर्किट खालच्या १६ के मेमरीच्या ४११६ चिपांना १२ आणि उणे ५ व्होल्ट पुरवतं. ते बिघडलं की सोबत मेमरीही नेतं. म्हणून अडॅप्टर सोबतच दे आणि तारेला चिठ्ठी बांध: ‘मधलं टोक ऋण’. या यंत्राला चालू-बंद बटण नाही. म्हणून मागच्या बाजूला काहीही जोडताना वा काढताना आधी वीज काढायची, हेही चिठ्ठीवर लिही.

‘तपासलेला नाही’ असं लिहून सुटका करून घेऊ नकोस. ते वाचून जाणकार बिघडलेलाच समजतो आणि भाव पाडतो. तासभर चालू ठेव. टीव्हीवर १९८२ ची सिंक्लेअर कंपनीची ओळ उमटली की प्रिंट पीक २३७३२+२५६*पीक २३७३३ टाईप कर. उत्तर ६५५३५ आलं तर ४८ के मेमरी पूर्ण आहे. ३२७६७ आलं तर वरची ३२ के सापडलेली नाही. मग चाळीसही कळा दाबून बघ. काही कळा मुक्या असतील तर बहुधा कळांखालच्या पडद्याची पट्टी वाळून तडकलेली असते. नवा पडदा मिळतो, पण वरची धातूची पट्टी चिकटवलेली असते आणि उचलताना हमखास वाकते. ते काम तू करू नकोस, माझ्याकडे घेऊन ये. शेवटी कॅसेटवरून एखादा खेळ चढवून त्याचा व्हिडिओ काढ. टीव्हीवर कडेला आधी लाल-निळसर आणि मग निळे-पिवळे पट्टे धावताना दिसले की बघणाऱ्याची खात्री पटते.

बाबांच्या दुसऱ्या खोक्यातला ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ यात मिसळू नकोस. तो १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्याने भारतात आणला, इंग्लंडातल्या माणसाला त्याचं वेगळं अप्रूप असतं. तो स्वतंत्र विक, आणि बाबांनी तो भारतातून आणला हे त्यात लिही.

जमेल तर घेणाऱ्याला घरी बोलव, समोर चालवून दाखव. पोस्टाने पाठवायचाच तर रबरी कळांवर दाब येऊ नये असा बुडबुड्यांचा कागद गुंडाळ, खोक्यात खोका घाल आणि अडॅप्टर वेगळा बांध. जड अडॅप्टर मोकळा राहिला तर वाटेत तोच केस फोडतो. आणि पैसे खात्यात जमा झाल्याची खात्री केल्याशिवाय पोस्टात जाऊ नकोस.