नळ कोठे बसवायचा?

(लोकशाही म्हणजे केवळ निवडणूक नव्हे. गावाची सभा, शाळेचा वर्ग अशा रोजच्या ठिकाणी लोकशाहीची तत्त्वे कशी वापरावीत, हे या पाठात सांगितले आहे.)

नकाशात बुलढाणा जिल्हा पाहा. त्याच्या उत्तर भागात संग्रामपूर तालुका आहे. वर सातपुडा पर्वत आणि खाली पूर्णा नदी. पूर्णेच्या खोऱ्यातील बराचसा भाग 'खारपाणपट्टा' म्हणून ओळखला जातो. तेथे जमिनीखालचे पाणी खारट आहे. विहीर खोदली, तर पाणी लागते; पण ते पिण्याजोगे नसते. म्हणून वाण नदीवरील धरणाचे गोडे पाणी नळाने आणावे लागले. जेथे गोड्या पाण्याच्या हंड्याला एवढे मोल आहे, तेथे नळ कोठे बसवायचा, हा प्रश्न लहान नसतो.

आता अशी कल्पना करा, की या तालुक्यातील एका गावात नवा सार्वजनिक नळ बसणार आहे. सरपंचांनी ओळखीच्या चार माणसांना बोलावले. चहापाणी झाले आणि नळ चावडीजवळ बसवायचे ठरले. सरपंच लोकांनी निवडून दिलेले आहेत. ते प्रामाणिकही आहेत. मग यात चुकले काय?

आता दुसरी रीत पाहा. गावात दवंडी पिटली. ठरलेल्या दिवशी सर्व वस्त्यांचे लोक सभेला आले. बहुतेकांनी चावडीचेच नाव सुचवले. इतक्यात मागे बसलेली एक बाई उठून म्हणाली, "चावडीजवळच्या घरांत नळ आहेत. आमच्या वस्तीत एकही नाही. आम्ही नाल्यापलीकडून हंडे आणतो. नाल्याला पूर आला, की आम्हांला खारे पाणीच प्यावे लागते." सभा क्षणभर गप्प झाली. चहाला जमलेल्या त्या चौघांना ही गोष्ट ठाऊकच नसती, कारण त्यांच्यापैकी कोणी कधी हंडा वाहिला नव्हता.

पहिल्या रीतीत काय चुकले, ते आता तुमच्या लक्षात आले असेल. सभेला सर्वांना बोलावतात, ते केवळ मान देण्यासाठी नव्हे. जो अडचण सोसतो, त्यालाच ती नीट माहीत असते. त्याला विचारले नाही, तर भल्या माणसाचाही निर्णय चुकतो.

म्हणूनच आपल्या कायद्याने ग्रामसभेला मोठे स्थान दिले आहे. १९९२ साली संसदेने ७३वी घटनादुरुस्ती केली. ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे, तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. त्यासाठी वेगळी निवडणूक लढवावी लागत नाही. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. सभेला १०० मतदार किंवा एकूण मतदारांपैकी १५ टक्के, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक हजर असावे लागतात. स्त्रियांना मोकळेपणाने बोलता यावे, म्हणून ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याचा नियम आहे. २०११ पासून राज्यातील पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत.

मात्र कायदा सभा भरवू शकतो. बोलण्याचे धैर्य आणि ऐकून घेण्याची सवय तो देऊ शकत नाही. ती माणसांनाच लावून घ्यावी लागते. विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्यात, मेंढा नावाचे गोंड लोकांचे लहानसे गाव आहे. तेथील लोकांनी ही सवय लावून घेतली. त्यांची ग्रामसभा बहुमताने नव्हे, तर सर्वांच्या संमतीने निर्णय घेते. काहींना निर्णय पटला नाही, तर त्या विषयावर पुन्हा चर्चा होते. अवघड विषय समजावा, म्हणून गावात अभ्यासगट चालतो. अशा कामाला वेळ लागतो, हे खरे. पण घेतलेला निर्णय सर्वांना आपला वाटतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार मेंढा गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबूची विक्री करू लागली. देवाजी तोफा यांच्यासारखे पुढारी त्या गावाला लाभले. पण त्यांनी गावाच्या वतीने एकट्याने निर्णय घेतले नाहीत. सर्वांनी मिळून निर्णय घ्यावा, यासाठी ते झटले.

तुम्ही म्हणाल, "आम्ही अजून अठरा वर्षांचे नाही. आम्हांला मत कोठे आहे?" पण तुमचा वर्ग हीसुद्धा एक संस्थाच आहे. समजा, सहलीची वर्गणी ठरवायची आहे. वर्गप्रतिनिधीने विचारले, "दोनशे रुपये चालतील ना? हात वर करा." सगळे हात वर गेले. तरीही हा निर्णय न्यायाचा असेलच असे नाही. ज्याच्या घरी पैशांची अडचण आहे, तो सर्वांदेखत ती सांगणार नाही. तोही हात वर करील आणि सहलीच्या दिवशी आजारी पडेल. त्यापेक्षा प्रत्येकाकडून नाव न लिहिलेली चिठ्ठी घ्या. सर्वांत कमी रकमेची चिठ्ठी हसून बाजूला टाकू नका. तिचा विचार आधी करा. जे ठरेल, ते वहीत लिहून ठेवा. जमा आणि खर्च फळ्यावर मांडा. वर्गप्रतिनिधीला कोणीही हिशेब विचारावा आणि त्याने राग न धरता तो द्यावा.

या कामात लागणारे मराठी शब्द तुम्हांला परके नाहीत. अर्ज, हक्क, हिशेब, दप्तर, जबाबदारी हे शब्द तुम्ही उर्दूतही ओळखता. 'तकरार' या उर्दू शब्दाचा अर्थ वाद किंवा पुन्हा पुन्हा म्हणणे. मराठीत 'तक्रार' म्हणजे गाऱ्हाणे. गाऱ्हाणे एकदा सांगून कोणी ऐकले नाही, तर ते पुन्हा सांगावे लागते, हे दोन्ही भाषांना ठाऊक असावे!

तुमच्या वर्गाची पुढची सभा केव्हा आहे? त्या दिवशी शेवटच्या बाकावरील मुलाला किंवा मुलीला आधी बोलू द्या.

स्वाध्याय
१. खारपाणपट्ट्यात नळाचा प्रश्न महत्त्वाचा का आहे?
२. चार माणसांच्या निर्णयात कोणती उणीव राहिली?
३. मेंढा गावची ग्रामसभा निर्णय कसा घेते?
४. तुमच्या वर्गात एखाद्या विषयावर सभा घ्या आणि तिचा वृत्तान्त पाच-सहा वाक्यांत मराठीत लिहा.