मराठवाड्यातील 'मुक्ती' : एका संज्ञेचे दोन वाङ्मयीन संदर्भ

मराठवाड्याच्या वाङ्मयेतिहासात 'मुक्ती' ही संज्ञा दोन संघर्षांच्या संदर्भात येते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपुष्टात आली, हा पहिला संदर्भ. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला आणि त्यानंतर जे घडले, तो दुसरा. हे दोन्ही संदर्भ वेगवेगळ्या प्रकरणांत वाचले गेल्याने त्यांच्यातील ताण अभ्यासकाच्या नजरेतून निसटतो.

पहिल्या संघर्षाविषयीचे लेखन मुख्यतः इतिहासपर व चिंतनपर गद्यात आहे. अनंत भालेराव यांचे 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' आणि नरहर कुरुंदकर यांचे 'हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन' ही त्याची ठळक उदाहरणे होत. संस्थानातील पारतंत्र्य केवळ राजकीय नव्हते. उस्मानिया विद्यापीठातील शिक्षण उर्दूतून होते. स्वभाषेत शिकता न येणे हा जुलमाचाच एक भाग होता. म्हणून १९५८ साली औरंगाबादेस विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याच्या नावातील 'मराठवाडा' या शब्दाला हा सारा पूर्वेतिहास चिकटलेला होता. गोविंदभाई श्रॉफ व अनंत भालेराव यांच्यासारख्या मुक्तिसंग्रामातील अग्रणींनी नामांतरास विरोध का केला, हे त्यावाचून उमगत नाही.

मात्र उमगणे म्हणजे समर्थन नव्हे. ज्या प्रादेशिक अस्मितेचा दाखला दिला गेला, तिच्या घडणीतील गावकुसाबाहेरचा वाटा कोणी मोजला होता? संस्थानातील अनुसूचित जातींनी निजामाची बाजू घेऊ नये, असे आवाहन डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच केले होते. १९५० साली औरंगाबादेस महाविद्यालय काढून त्यांनी या प्रदेशात उच्च शिक्षणाची वाट रुंद केली, तीही विद्यापीठाच्या आठ वर्षे आधी.

ठरावानंतर गावोगावी दलितांची घरे जाळली गेली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे ऑगस्ट १९७८ मध्ये पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. या संघर्षाचे वाङ्मय कविता, जलसा आणि शाहिरी यांत आहे. पहिल्या संघर्षाचा इतिहास विजयानंतर, निवांतपणे, भूतकाळात लिहिला गेला. दुसऱ्याची गाणी निकाल लागण्यापूर्वी, शेजारी बसलेल्या श्रोत्यासाठी रचली गेली. या गाण्यांना 'प्रचारकी' ठरविणारी समीक्षा हा फरक लक्षात घेत नाही. कुरुंदकरांच्या गद्यातील आवेशाला तोच निकष लावण्याचे तिला सुचत नाही, हेही नोंदविले पाहिजे.

नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेड येथे गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी जो निर्णय झाला, त्यास 'नामविस्तार' हा शब्द योजला गेला : आंबेडकरांचे नाव आले, 'मराठवाडा'ही राहिले. त्यानंतर आठ महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, नांदेड येथे नवे विद्यापीठ स्थापन झाले. त्यास मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव देण्यात आले, आणि नांदेड व लातूर येथील महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली.